पूल ४६ दिवसांत उभा राहिला, स्टेशन राहिले ते राहिलेच: धनुष्कोडीचे प्रकरण

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरच्या बेटावर रेल्वेच्या दोन गोष्टी मोडल्या. एक, बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूल. दुसरी, बेटाच्या पार टोकावरचे धनुष्कोडी स्टेशन आणि पांबनहून तिथवर गेलेला लोहमार्ग. पुलाच्या १४६ गाळ्यांपैकी १२६ गाळ्यांचे गर्डर समुद्राने नेले होते, तरी ४६ दिवसांत त्यावरून पुन्हा गाडी गेली. धनुष्कोडीकडे त्या रात्रीनंतर आजतागायत एकही गाडी गेलेली नाही.

वादळ एक, बेट एक, मालक एकच, म्हणजे रेल्वे. मग एकाला ४६ दिवस आणि दुसऱ्याच्या नशिबी साठ वर्षांची वाळू, असे का? याचे नेहमीचे उत्तर ‘गाव उद्ध्वस्त झाले, सरकारने ते राहण्यास अयोग्य ठरवले’ असे दिले जाते. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. उद्ध्वस्त झालेली स्टेशने पुन्हा बांधली जातात; पांबनचा पूल तर त्याच दिवसांत, त्याच समुद्रात बांधला गेला. माझ्या मते धनुष्कोडी स्टेशन ज्या कामासाठी जन्माला आले होते, ते काम वादळाच्या आधीच संपत आले होते. वादळाने फक्त तारीख टाकली.

जागा पाहिल्याशिवाय हे कळत नाही. रामेश्वरचे बेट नकाशावर पाहिले तर आग्नेयेकडे एक लांब, चिंचोळे शेपूट निघालेले दिसते. रामेश्वरच्या देवळापासून या शेपटीचे टोक वीसेक किलोमीटर. सगळी वाळू. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचे आखात. काही ठिकाणी मधल्या पट्टीवर उभे राहिले की दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतात, आणि दोघांचा स्वभाव वेगळा असल्याचे उघड्या डोळ्यांना कळते. उत्तरेचे पाणी उथळ आणि बहुतेक काळ शांत, दक्षिणेचे खोल आणि उसळते. तिथले कोळी उत्तरेच्या समुद्राला ‘पेण कडल’ म्हणतात आणि दक्षिणेच्या समुद्राला ‘आण कडल’. म्हणजे बाई समुद्र आणि बुवा समुद्र. १९६४ साली गावाचा जीव घ्यायला उथळ, शांत मानल्या गेलेल्या पाण्याचाही हात होता, ते पुढे येईलच.

धनुष्कोडी म्हणजे धनुष्याचे टोक. रामाने लंकेहून परतताना धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला, अशी कथा आहे. इथून पुढे समुद्रात वाळूच्या उंचवट्यांची आणि उथळ पाण्याची रांग थेट श्रीलंकेच्या मन्नार बेटापर्यंत जाते. तो रामसेतू, इंग्रजांच्या नकाशांत ॲडम्स ब्रिज. पलीकडचे तलैमन्नार तीसेक किलोमीटरवर. भारताच्या मुख्य भूमीवरच्या मदुरैपेक्षा श्रीलंका इथून कितीतरी जवळ.

नेमके हेच अंतर साउथ इंडियन रेल्वे कंपनीच्या डोळ्यांत भरले. त्याआधी मद्रासहून कोलंबोला जायचे तर गाडीने तुतिकोरिन गाठावे लागे आणि तिथून आगबोटीत रात्र काढावी लागे. समुद्र खवळलेला असला की ती रात्र काय असेल, हे कोकणातल्या जुन्या बोटींचा अनुभव घेतलेल्या घरांत वेगळे सांगायला नको. कंपनीचा हिशेब सोपा होता: गाडी जितकी पुढे नेता येईल तितकी न्यायची, समुद्राचा तुकडा जितका लहान करता येईल तितका करायचा. सेतूच्या रांगेवरूनच थेट लंकेपर्यंत रूळ टाकावेत, असाही विचार त्या काळात झाला होता. तो कागदावर राहिला. शेवटी ठरले ते असे: पांबनच्या खाडीवर पूल, बेटावरून धनुष्कोडीपर्यंत रूळ, तिथून आगबोटीने तलैमन्नार, आणि पलीकडे सिलोनची गाडी उभी.

पांबनच्या पुलाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये पूल खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. चाळीस चाळीस फुटांचे १४५ गाळे आणि मध्ये एक उघडणारा गाळा. खाडीतून जहाजे ये-जा करत, म्हणून त्यांच्यासाठी मधला भाग दोन पाखांसारखा वर उचलला जाई. ही शिकागोच्या शेर्झर यांची पद्धत. पाखे उचलायला वीज नव्हती. माणसे दांडे धरून चाके फिरवत. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत समुद्रावरचा देशातला सर्वांत लांब पूल हाच होता, जवळजवळ शंभर वर्षे.

आता एक बारीक गोष्ट, जी या प्रकरणात फार महत्त्वाची आहे आणि सहसा कोणी सांगत नाही. पूल ओलांडून गाडी पांबनला आली की मुख्य मार्ग सरळ धनुष्कोडीला जाई. रामेश्वरचा फाटा होता. होय, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, चार धामांपैकी एक असलेले रामेश्वर फाट्यावर, आणि वाळूच्या टोकावरचे धनुष्कोडी मुख्य मार्गावर! कंपनीच्या दृष्टीने देव हे मधले गिऱ्हाईक होते. खरे गिऱ्हाईक कोलंबोला जाणारे.

त्या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणू लागले. मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर कोलंबोचे तिकीट काढायचे आणि त्याच तिकिटावर गाडी, आगबोट, पुन्हा गाडी असे कोलंबोला उतरायचे. सुरुवातीच्या आगबोटींची नावे कर्झन, एल्जिन, हार्डिंज. सगळे व्हाइसरॉय. पुढे आयर्विन आणि गोशेन आल्या. एक व्हाइसरॉय आणि एक मद्रासचा गव्हर्नर. बोटींच्या नावांवरूनच हा सगळा कारभार कोणाच्या सोयीने चालला होता ते कळते.

पण बोटीत बसणारे सगळे साहेब नव्हते. फार मोठा वाटा मजुरांचा होता. सिलोनच्या डोंगरांतले चहाचे मळे तमिळ मजुरांच्या जिवावर चालत. हे मजूर रामनाड, मदुरै, तिरुचिरापल्ली, सेलम अशा जिल्ह्यांतून कंगाणीच्या, म्हणजे मुकादमाच्या, मागून निघत. खाडीच्या अलीकडे मंडपमला त्यांच्यासाठी छावणी होती. रोगराई पलीकडे जाऊ नये म्हणून तिथे त्यांना काही दिवस अडकवून ठेवत, तपासत, मग पुढे सोडत. साहेबाची गाडी थेट धक्क्यापर्यंत, मजुराची आधी छावणी. धनुष्कोडीच्या फलाटावर दोघे एकाच बोटीची वाट पाहत असले तरी दोघांचा प्रवास एक नव्हता.

तिसरे गिऱ्हाईक यात्रेकरू. त्यात आपलीही माणसे. मुंबई-पुण्याकडून निघालेला माणूस मद्रासला सेंट्रलवर उतरायचा, सामानसुमान घेऊन एग्मोरला जायचा आणि मीटरगेजच्या छोट्या डब्यात बसायचा. काशी-रामेश्वर ही आपल्याकडे एकाच यात्रेची दोन टोके. काशीची गंगा रामेश्वरला न्यायची आणि सेतूवरची वाळू उत्तरेत प्रयागला नेऊन सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले पाणी पाजले ती कथा सगळ्यांना ठाऊक असते; ते पाणी रामेश्वरलाच चालले होते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तंजावरच्या मराठे राजांनी या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली, अन्न आणि निवारा फुकट. आणि रामेश्वरच्या देवळातले पुजारी परंपरेने मराठी ब्राह्मण, शृंगेरी पीठाची दीक्षा घेतलेले. तेव्हा धनुष्कोडीचे स्टेशन आपल्याला वाटते तितके परके नाही. सेतूस्नानाला जाणाऱ्याला तिथेच उतरावे लागे.

या सगळ्या ये-जेवर गाव वाढले. स्टेशन, पोस्ट, तारघर, जकातीची कचेरी, बंदराची कचेरी, रेल्वेचा दवाखाना, शाळा, चर्च, देऊळ, धर्मशाळा. कोळ्यांची वस्ती आधीपासून होतीच. वाळूवर गोड पाणी मिळते हे ऐकून नवल वाटेल, पण धनुष्कोडीला हाताने वाळू उकरली तर थोड्याच खोलीवर पिण्यासारखे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गाव त्यावर जगले.

आता १९४७ नंतरचे पाहू, कारण प्रकरणाची खरी कळ इथे आहे. जोवर दोन्ही किनारे एकाच साम्राज्याचे होते, तोवर ही पाण्याची तीस किलोमीटरची पट्टी रेल्वेच्या वेळापत्रकातला एक रकाना होती. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी तिथे नागरिकत्वाचा कायदा झाला. त्या कायद्याने मळ्यांवरचे बहुतेक भारतीय तमिळ एका फटक्यात कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. नव्या मजुरांची आवक तर भारताने १९३९ मध्येच बंद केली होती. म्हणजे धनुष्कोडीच्या तीन गिऱ्हाइकांपैकी सर्वांत मोठे गिऱ्हाईक कायद्याने तोडले. साहेब मायदेशी गेले. उरले यात्रेकरू, थोडे व्यापारी आणि दोन्हीकडे नातीगोती असलेली कुटुंबे.

आणि मग एक करार झाला. ३० ऑक्टोबर १९६४ ला लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी सही केली. सुमारे ९,७५,००० लोकांचा प्रश्न होता. त्यातले ५,२५,००० भारताने परत घ्यायचे, ३,००,००० सिलोनने नागरिक करून ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. ज्या वाटेने आजोबा-पणजोबा मळ्यावर गेले, त्याच वाटेने नातवंडांनी परत यायचे होते. हा करार होऊन आठ आठवडेही झाले नव्हते तोच वादळ आले.

वादळाची वाट थोडक्यात सांगतो. १७ डिसेंबरला अंदमानच्या दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला. दोन दिवसांत त्याचे चक्रीवादळ झाले. ते पश्चिमेला सरकत २२ तारखेला सिलोनच्या उत्तर भागावरून गेले आणि जमिनीवर विरण्याऐवजी पाल्कच्या सामुद्रधुनीत उतरले. तिथून त्याने रामेश्वरचे बेट गाठले. वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. पण गाव वाऱ्याने बुडाले नाही, पाण्याने बुडाले. वादळ समुद्र ढकलत आणते. समुद्र खोल असेल तर ढकललेल्या पाण्याला खाली पसरायला जागा असते. उथळ असेल तर ते वर चढते. पाल्कचा समुद्र उथळ. पाणी सातेक मीटर वर आले असे सांगतात. वाळूची ती पट्टी समुद्रापासून काही फूटच उंच, लपायला टेकडी नाही, पळायला मागे जागा नाही. मागेही समुद्रच.

रात्री बाराला पाच मिनिटे असताना पांबनहून ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीला निघाली. रेल्वेच्या नोंदीप्रमाणे गाडीत ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी. धनुष्कोडी काही शे मीटरवर असताना लाट आली आणि अख्खी गाडी घेऊन गेली. कोणीही वाचले नाही. गाडीत विनातिकीट लोक होते, खरा आकडा दोनशेच्या घरात असावा, असेही बोलले जाते. त्या रात्री एकूण मेलेल्यांची संख्या सुमारे १,८०० सांगतात.

इथे दोन गोष्टी खटकतात, त्या लिहून ठेवतो. पहिली: पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते की पांबनचा पूल कोसळला आणि गाडी पुलावरून समुद्रात पडली. तसे झाले नाही. पूल मोडला, गाडी गेली, हे दोन्ही खरे. पण गाडी पूल ओलांडून, बेट ओलांडून पार दुसऱ्या टोकाशी पोहोचली होती. दुसरी: गाडी स्टेशनाबाहेर थांबली, सिग्नल मिळेना, ड्रायव्हरने लांब शिट्टी दिली, वाट पाहिली, मग धाडस करून गाडी पुढे घेतली, असे वर्णन जागोजागी येते. सिग्नल बंद पडला असणे सहज शक्य आहे; तारा तुटल्या होत्या. पण गाडीतले कोणी वाचले नाही आणि स्टेशनही बुडाले, तर ड्रायव्हरच्या मनात आलेले धाडस पाहिले कोणी? अपघातानंतर लोक ड्रायव्हरला काहीतरी करायला लावतात, कारण नुसतीच लाट आली आणि गाडी गेली हे सहन होत नाही.

आता ते ४६ दिवस. पांबनच्या पुलाचे १२६ गर्डर वाहून गेले, पण उघडणारा शेर्झर गाळा वाचला. खालचे खांबही बरेचसे उभे होते. दुरुस्तीला आधी सहा महिने धरले होते, मग वरिष्ठांनी ते तीनवर आणले. काम पडले ते ३२ वर्षांच्या एका कार्यकारी अभियंत्यावर, त्याचे नाव ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे बांधणारे तेच श्रीधरन, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला त्यांची ओळख करून द्यायला नको. नवे गर्डर बनवून आणायचे म्हटले तर महिनोन्‌महिने गेले असते. वाहून गेलेले गर्डर समुद्रात कुठे पडलेत ते कोळ्यांनी सांगितले. मग तेच गर्डर शोधून, उचलून, ओढून आणून पुन्हा खांबांवर बसवले. १२६ गर्डर आणि ४६ दिवस, म्हणजे दिवसाला सरासरी जवळजवळ तीन. क्रेन आणि हत्यारे आजची नव्हती, हे लक्षात घ्या. श्रीधरन यांना त्यासाठी रेल्वेमंत्र्यांचा पुरस्कार मिळाला.

ही हकीगत नेहमी एका माणसाच्या कर्तबगारीची म्हणून सांगितली जाते. कर्तबगारी होतीच, वाद नाही. पण इतकी घाई कोणाला होती ते विचारले पाहिजे. त्या वेळी बेटावर यायला रस्ता नव्हता. वाहनांचा पूल थेट १९८८ मध्ये झाला. तोवर रामेश्वरच्या वस्तीचे धान्य, रॉकेल, औषधे, टपाल, आणि देशभरातून येणारे यात्रेकरू, सगळे या एकाच रुळांवर अवलंबून. पूल नसता तर बेट उपाशी राहिले असते. शिवाय करारामुळे लाखो लोक यायचे होते आणि मंडपमची छावणी पुलाच्या अलीकडे, तर बोट पुलाच्या पलीकडे. पुलावाचून कोणालाच चालणार नव्हते.

आता त्याच फूटपट्टीने धनुष्कोडी मोजा. स्टेशनावाचून कोणाचे अडले? मेलेल्यांचे काही अडत नाही. वाचलेल्यांना सरकारने तिथून हलवले आणि गाव राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केले. यात्रेकरूंना रामेश्वरपर्यंत गाडी होतीच. सेतूस्नानाला जायचे तर वाळूतून जीपने जावे. राहता राहिली आगबोट. तिला फक्त एक धक्का हवा होता, आणि तो धक्का रामेश्वरला हलवता आला. समुद्राचा तुकडा थोडा लांबला, एवढेच. १९१४ साली हाच ‘थोडा’ टाळण्यासाठी कंपनीने बेटाच्या टोकापर्यंत रूळ नेले होते, कारण कोलंबोच्या साहेबाचा अर्धा तासही मोलाचा होता. १९६५ साली बोटीत बसून येणार होते ते मळ्यांवरून परत पाठवलेले, कोणत्याच देशाचे नसलेले लोक. त्यांच्या अर्ध्या तासासाठी वाळूत पुन्हा रूळ कोण टाकणार?

म्हणून म्हणतो, वादळाने तारीख टाकली. स्टेशन ज्या ओझ्यासाठी बांधले होते ते ओझे आधीच उतरले होते, आणि नवे ओझे ज्यांचे होते त्यांची कोणाला घाई नव्हती. फाटा आणि मुख्य मार्ग यांची अदलाबदल झाली. रामेश्वर मुख्य झाले, धनुष्कोडी वाळूत गेले. देवाने उशिरा का होईना आपली जागा परत घेतली, असे आमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस म्हणाले असते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे: धोका होता म्हणूनच बांधले नाही, यात इतके खोदायचे काय? धोका होता खरा. पण तोच समुद्र, तेच वारे पांबनच्या पुलालाही लागतात, आणि तिथे आपण त्याच जुन्या खांबांवर पुढच्याच वर्षी गाड्या चालवल्या. पुढे तर त्याच पुलावर मीटरगेजचे ब्रॉडगेज केले. २००७ पासून मोठ्या गाड्या त्यावरून जाऊ लागल्या. गरज असली की माणूस धोक्याशी तडजोड करतो. नसली की धोका हे सांगायला बरे कारण होते.

रामेश्वरची बोट पुढे ‘रामानुजम’ या जहाजाने चालवली. परत येणारी कुटुंबे तिच्यातून उतरत आणि मंडपमच्या छावणीत जात. जिथून एके काळी मजूर बाहेर जात, तिथेच आता त्यांच्या पुढच्या पिढ्या पत्र्याच्या पेट्या घेऊन नाव नोंदवायला उभ्या. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध दंगली उसळल्या, युद्ध पेटले, आणि १९८४ मध्ये बोटही बंद झाली. बोट मेल मात्र अजून चालते. चेन्नई एग्मोरहून रामेश्वरला जाणाऱ्या त्या गाडीला अजून तेच नाव आहे.

मी धनुष्कोडीला गेलो तेव्हा रस्ता झाला होता. त्याआधी रामेश्वरहून काही अंतरापर्यंतच रस्ता होता आणि पुढे वाळूतून, कधी पाण्यातून, जीप किंवा ट्रकने जावे लागे. २०१७ च्या जुलैमध्ये साडेनऊ किलोमीटरचा नवा रस्ता खुला झाला आणि आता गाडी थेट अरिचलमुनैला, म्हणजे भूमीच्या शेवटच्या टोकाला, जाते. गोल वळसा, मध्ये अशोकस्तंभ, सेल्फी. बहुतेक जण तिथून परत फिरतात आणि गावाच्या अवशेषांपाशी पाच मिनिटे थांबतात.

स्टेशनाचे फारसे काही उरलेले नाही. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचे खांब, काही भिंती, कमानीचा तुकडा. रूळ नाहीत, फलाट वाळूखाली. मला भिंतींच्या दगडाजवळून हलवेना. तो दगड नव्हताच. प्रवाळ होते, समुद्रातून कापून काढलेले. हात फिरवला की खरखरीत लागते आणि नीट पाहिले की चांदण्यांसारखी बारीक नक्षी दिसते, मेलेल्या जिवांच्या घरांची. चर्चच्या भिंतीतही तेच. त्या काळात इथे बांधायला दुसरे काही जवळ नव्हते, म्हणून समुद्राचेच हाड घेऊन समुद्राच्या काठावर स्टेशन बांधले. शेजारी झोपड्यांमध्ये कोळी कुटुंबे राहतात, शंख-शिंपल्यांच्या माळा आणि तळलेले मासे विकतात. सरकारच्या कागदावर हे गाव राहण्यास अयोग्य आहे. झोपडीबाहेर वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून एक मुलगी वाटीवाटीने पाणी हंड्यात भरत होती. चव पाहिली. गोड होते.

मार्च २०१९ मध्ये रामेश्वर ते धनुष्कोडी पुन्हा लोहमार्ग टाकण्याच्या कामाची पायाभरणी झाली. १७.२ किलोमीटर, खर्च २०८ कोटी. या वेळी उद्देश पर्यटन आणि यात्रा. तमिळनाडू सरकारने विरोध केला आणि काम पुढे सरकले नाही. मला विचाराल तर बरे झाले. रस्ता आहे, बस आहे. आणि त्या पट्टीवर भराव घालून फलाट बांधायचे तर राखण्यासारखे जे उरले आहे तेच आधी जाईल. दरम्यान पांबनच्या जुन्या पुलावरून गाड्या २३ डिसेंबर २०२२ पासून थांबल्या. वादळाच्या पहाटेचीच तारीख, योगायोगाने. शेजारी नवा पूल झाला, त्याचा मधला ७२.५ मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो, आणि ६ एप्रिल २०२५ पासून गाड्या पुन्हा रामेश्वरला जाऊ लागल्या. पूल दुसऱ्यांदा परत आला.

पलीकडच्या जोडीदार स्टेशनाचे काय झाले? तलैमन्नारही बेटावरच आहे, मन्नारच्या. युद्धात तिथलेही रूळ उखडले गेले. पण युद्ध संपल्यावर भारताच्या इर्कॉन कंपनीने तो मार्ग पुन्हा बांधून दिला आणि १४ मार्च २०१५ ला तलैमन्नारच्या धक्क्यावरून गाडी सुटली. म्हणजे जोडीतले पलीकडचे स्टेशन आपण बांधले, अलीकडचे नाही.

एक शेवटची नोंद, रेल्वेचे वेड असणाऱ्यांसाठी. १९१४ साली सेतूवरून रूळ टाकले असते तरी एकच गाडी मद्रासहून कोलंबोला गेली नसती. इकडे मीटरगेज होते आणि सिलोनमध्ये ब्रॉडगेज; माणसांना आणि मालाला कुठेतरी उतरावेच लागले असते. आज रामेश्वरच्या रुळांचे अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज, आहे. तलैमन्नारच्याही रुळांचे तेवढेच.